घरच्या इस्त्रीने जर्सीवर मराठी नाव

आमच्या भागातल्या मंडळाने यंदा मुलींच्या कबड्डी संघाला नव्या जर्सी दिल्या. मरून रंग, पुढे-मागे पांढरा आकडा आणि छातीवर मंडळाचे नाव असा त्यांचा थाट होता. पाठीवर खेळाडूचे नाव मात्र नव्हते, कारण जर्सी तयार आणल्या होत्या आणि नाव हवे असेल तर ते ज्याचे त्याने पाहावे असे ठरले होते. आमच्या कीर्तीला सात नंबर मिळाला. (अठरा नंबरची जर्सी घालणाऱ्या क्रिकेटपटू स्मृती मानधना आमच्या सांगलीत वाढल्या, त्यामुळे इथल्या मुलींना अठरा नंबर हवा असतो, पण जर्सी बाराच असल्याने तो कोणालाच मिळाला नाही आणि एक भांडण टळले.) आकडा मिळाल्यावर पाठीवर नावही हवे, असा तिचा हट्ट सुरू झाला. त्या हट्टापायी मी जे केले, जे बिघडवले आणि जे पुन्हा केले, ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

पाठीवर नाव मिरवण्याची चाल तशी फार जुनी नाही. क्रिकेटच्या विश्वचषकात रंगीत कपडे आणि पाठीवरची नावे १९९२ साली आली. कसोटी सामन्यांत तर नावे व आकडे २०१९ च्या अ‍ॅशेस मालिकेपासून दिसू लागले. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९४८ च्या अ‍ॅडलेड कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली, ती कोऱ्या पाठीनेच. हे मी कीर्तीला सांगून पाहिले. तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

नाव मराठीत हवे, हे तिने स्वतःच ठरवले, आणि त्यामागे भाषाभिमानापेक्षा व्यवहार अधिक होता. तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक आहे, आधार कार्डावर दुसरे आहे आणि शाळेच्या हजेरीपटावर तिसरेच आहे. देवनागरीत हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून आम्ही जर्सी घेऊन छपाईच्या एका दुकानात गेलो. मी मोबाईलवरून पाठवलेले नाव तिथल्या संगणकावर उघडले, तेव्हा पडद्यावर आधी ‘की’, मग पाय मोडलेला ‘र’ आणि त्याच्यापुढे ‘ती’ अशी तीन अक्षरे एकमेकांशी अबोला धरून उभी राहिली. आपण मोबाईलवर लिहितो ते युनिकोड मराठी असते आणि जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरला त्यातली जोडाक्षरे व रफार जुळवता येत नाहीत. तिथे त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नाव नव्याने टाइप करावे लागते. दुकानातल्या मुलाला तेवढा वेळ नव्हता. “त्यापेक्षा इंग्रजीत करू का?” असे त्याने विचारले आणि आम्ही जर्सी घेऊन घरी परतलो.

घरी करायचे तर कोणत्या पद्धतीने, यावर दोन दिवस चर्चा झाली. मोठ्या संघांच्या जर्सीवर नावे बहुधा सब्लिमेशनने छापलेली असतात, म्हणजे कागदावर छापलेला रंग सुमारे दोनशे अंश उष्णतेत वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरतो. पण त्यासाठी हीट प्रेस, म्हणजे उष्णता आणि दाब एकदम देणारे यंत्र लागते आणि कापड पांढरे किंवा अगदी फिके असावे लागते, त्यामुळे मरून जर्सीवर तो मार्ग बंदच होता. कापडावरचे साधे रंग सुती कापडासाठी असतात, ते पॉलिएस्टरवर नीट धरत नाहीत आणि काही धुण्यांतच पापुद्रे सोडतात. सासूबाईंनी भरतकाम सुचवले. त्यांनी भरलेले उशांचे अभ्रे आजही आमच्याकडे आहेत, त्यामुळे त्यांच्या हाताबद्दल शंका नव्हती. शंका कापडाबद्दल होती. जर्सीचे कापड विणलेले आणि ताणणारे असते, आतून अस्तर न लावता त्यावर दाट भरले की ते चुण्या धरते, आणि अस्तर लावले की कबड्डीत घामेजलेल्या पाठीला ते टोचते. शेवटी उष्णतेने कापडाला चिकटणारे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ रंगीत ताव आणायचे ठरले. इथे एक खुलासा करते. गाड्यांच्या नंबरप्लेटवर नावे चिकटवणाऱ्या रेडियमवाल्याकडचा स्टिकर आणि हे व्हिनाइल एक नव्हे. रेडियमचा स्टिकर नुसत्या दाबाने चिकटतो आणि पहिल्याच धुण्यात निघून येतो. आपल्याला हवे असलेल्या व्हिनाइलच्या एका बाजूला पारदर्शक प्लास्टिकचा पडदा असतो आणि दुसऱ्या, मंद दिसणाऱ्या बाजूला गरम झाल्यावर वितळणारा गोंद असतो.

देवनागरीचा पहिला फायदा इथे ध्यानात आला. रोमन लिपीतले नाव कापले की प्रत्येक अक्षर सुटे होते, आणि पडदा नीट सांभाळला नाही तर ती अक्षरे एकमेकांपासून सरकतात. ‘कीर्ती’ मात्र शिरोरेषेमुळे एकसंध राहते. दोन्ही वेलांट्या आणि रफारसुद्धा त्याच तुकड्याला धरून असतात, त्यामुळे सबंध नाव तोरणासारखे उचलता येते. (संघातल्या अंकिताचे नाव नंतर केले, तेव्हा तिचा अनुस्वार दोनदा हरवला. पैकी एकदा तो माझ्या कोपराला चिकटलेला सापडला.) फॉन्ट निवडताना मात्र देखणेपणाच्या मोहात पडू नये. ज्या फॉन्टमध्ये उभ्या रेघा जाड आणि आडव्या रेघा बारीक असतात, तो कागदावर सुंदर दिसला तरी कटरने कापताना त्याची शिरोरेषाच तुटते. एक टाइप या मुंबईच्या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात, त्यांच्या रेघांची जाडी सगळीकडे जवळपास सारखी आहे. बलूची टोके गोलसर असल्यामुळे कोपरे उचलले जाण्याची भीतीही कमी होते, म्हणून मी तो घेतला.

आकाराचा हिशेबही इंग्रजीसारखा करून चालत नाही. दोन इंच उंचीचे नाव म्हटले की रोमन मोठी अक्षरे पूर्ण दोन इंच भरतात. आपल्याकडे त्याच दोन इंचांत वर वेलांटी व रफार, मध्ये अक्षर आणि असल्यास खाली उकार एवढे सगळे कुटुंब नांदते, त्यामुळे मूळ अक्षर लहान होते. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचेच माप धरावे आणि वरच्या मात्रांसाठी वेगळी जागा सोडावी. कमानीसारखे वळवलेले नाव करण्याचा नाद तर मराठीत सोडूनच द्यावा. साध्या सोयीने नाव वळवले की संगणक प्रत्येक अक्षर वेगळे तिरके करतो आणि सलग शिरोरेषेचा तुटक्या काड्यांच्या कुंपणासारखा आकार होतो.

व्हिनाइल गोंदाच्या बाजूने कापायचे असते, म्हणून नाव उलटे, आरशात दिसते तसे छापून घ्यावे लागते. मी ते साध्या कागदावर छापले, कागद व्हिनाइलच्या मंद बाजूवर चिकटपट्टीने बसवला आणि पेन कटरने दोन्ही एकदम कापू लागले. हाताचा दाब असा हवा की कागद आणि व्हिनाइल कापले जावे, पण खालचा पडदा शाबूत राहावा. हे साधण्यासाठी टाकाऊ तुकड्यावर अर्धा तास सराव करावा लागला. मग अक्षराबाहेरचे आणि अक्षरांच्या पोटातले नको असलेले व्हिनाइल सुईच्या टोकाने उचलून काढले.

ते काढत असताना सासरे मागे येऊन उभे राहिले आणि क्षणभर पाहून म्हणाले, “सूनबाई, रफार टाकलात की काय कचऱ्यात?” खरोखरच, वेलांटीबरोबर वळणारा तो छोटा आकडा मी नको असलेला तुकडा समजून उचलून टाकला होता. त्यांनी उमेदीची सगळी वर्षे छापखान्यात खिळे जुळवण्यात काढली. खिळ्यावरचे अक्षर उलटेच असते, त्यामुळे उलटी ओळ वाचण्याचा त्यांना इतका सराव आहे की आम्ही आरसा शोधत असताना त्यांनी ‘कीर्ती’चे झालेले ‘कीती’ केव्हाच वाचून टाकले होते. मग ते शेजारी बसले आणि वेलांटीवर रफार आला की त्यासाठी वेगळा जोडखिळा कसा असे, तो संपला की कंपोझिटरची कशी तारांबळ उडे, हे सांगत त्यांनी दुसरे नाव स्वतः कापून दिले. त्यांचे म्हणणे असे की ‘कीर्ती’ हे नाव छापखान्याला त्रास देण्यासाठीच ठेवलेले आहे. नाव त्यांनीच सुचवले होते, याची सासूबाईंनी त्यांना आठवण करून दिली.

आता इस्त्री. पहिल्या वेळी मी इथेच चुकले, म्हणून आधी ती चूक सांगते. माझ्या मनात हिशेब साधा होता, गोंद वितळवायचा तर इस्त्री चांगली कडक हवी. मी ती ‘कॉटन’वर ठेवली, इस्त्रीच्या टेबलावर जर्सी पसरली आणि पांढऱ्या व्हिनाइलवर इस्त्री मागे-पुढे फिरवली. नाव चिकटले, शुभ्र दिसले, कीर्ती ते घालून घरभर नाचली. तिसऱ्या दिवशी पाहते तो नाव गुलाबी! धुण्यात रंग लागला म्हणावे तर जर्सी अजून धुतलीच नव्हती. शिवाय नावाभोवती कापडाला इस्त्रीच्या टोकाच्या आकाराची चकाकी आली होती.

कारण नंतर समजले. पॉलिएस्टर ज्या डिस्पर्स रंगांनी रंगवतात, ते रंग जास्त उष्णता मिळाली की धाग्यातून सुटून वायुरूप होतात आणि जवळ जे मिळेल त्यात शिरतात. सब्लिमेशनच्या छपाईत ज्या गुणाचा उपयोग करतात, तोच गुण इथे उलटला होता. मी नकळत जर्सीचा मरून रंग पांढऱ्या नावात छापत होते. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, रंग हळूहळू वर झिरपतो, म्हणूनच दुकानात पाहताना नाव पांढरे असते आणि आठवड्याने नसते. कपड्याच्या पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात जे ठिपके असतात, त्यांचा अर्थ एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ११० अंश सेल्सियस, दोन म्हणजे सुमारे १५० आणि तीन म्हणजे सुमारे २००. ‘कॉटन’चा खटका तीन ठिपक्यांच्या घरातला असतो. पॉलिएस्टर वितळते अडीचशे अंशांच्या पुढे, त्यामुळे जर्सी जळली नाही एवढेच; रंग सुटण्यासाठी आणि कापड चकाकण्यासाठी त्याच्या कितीतरी कमी उष्णता पुरते.

दुसऱ्या वेळी मी दोन गोष्टी बदलल्या. कमी उष्णतेवर, म्हणजे साधारण १३० अंशांवर चिकटणारे व्हिनाइल मागून आणले, आणि पांढऱ्याऐवजी पिवळे घेतले. गडद लाल किंवा मरून कापडावर पांढरेच हवे असेल तर रंग अडवणारा करडा थर असलेले व्हिनाइल मिळते, पण ते महाग असते, जाड असते आणि पाठीवर पुठ्ठ्यासारखे लागते. पिवळ्यात थोडा मरून झिरपला तरी तो नारिंगीकडे झुकतो, चटकन डोळ्यावर येत नाही. हळदीच्या गावात पिवळ्या रंगाला कोणी नाव ठेवायचे नाही, असे सासूबाईंनी जाहीर केले आणि विषय मिटला.

जुने गुलाबी नाव काढताना जर्सी उलटी करून आतून हलकी इस्त्री दिली आणि व्हिनाइल गरम असतानाच चिमट्याने ओढले. ते निघाले, पण गोंदाचा अंधुक ठसा मागे राहिला. तो झाकला जावा म्हणून नवे नाव थोडे जाड केले.

इस्त्रीचे टेबल अशा कामाला निरुपयोगी आहे, कारण त्याची गादी दाब गिळून टाकते. ग्रॅनाइटचा ओटा टणक असतो, पण तो उष्णता ओढून घेतो आणि गोंद वितळण्याऐवजी गार पडतो. सगळ्यांत उत्तम ठरला तो जेवायला बसायचा लाकडी पाट, पितळी फुल्या किंवा नक्षी नसलेला, त्यावर एकाच घडीचे सुती कापड घातलेला. पाट जमिनीवर असल्याने गुडघ्यांवर बसून अंगाचा सगळा भार इस्त्रीवर टाकता येतो. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला जिथे भोके असतात तिथे दाबही नसतो आणि पुरेशी उष्णताही नसते, म्हणून शक्य असेल तर जुनी, वजनदार, बिनवाफेची इस्त्री घ्यावी. वाफेचीच असेल तर पाणी काढून टाकावे आणि दर वेळी ती अर्धा इंच सरकवून ठेवावी. खटका ‘सिल्क’ आणि ‘वूल’ यांच्या मध्ये ठेवून दिवा एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत थांबले, म्हणजे सुरुवातीचा उष्णतेचा उसळा निघून जातो.

नाव कुठे लावायचे यासाठी जर्सीच्या कडेच्या शिवणींवर विश्वास ठेवू नये, त्या क्वचितच सरळ असतात. जर्सी उभी दुमडून पाठीचा मध्य काढावा, कॉलरच्या शिवणीपासून चार बोटे खाली शिंप्याच्या खडूने आडवी रेघ मारावी आणि शिरोरेषा त्या रेघेवर ठेवावी. इंग्रजी अक्षरे जराशी तिरकी बसली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिरोरेषा मात्र एका सुतानेही कलली तरी दोरीवरच्या निसटलेल्या कपड्यासारखी दिसते. जर्सीच्या आत घडी घातलेले सुती कापड सरकवावे, म्हणजे पुढच्या बाजूच्या छपाईला झळ लागत नाही. मग काही सेकंद नुसत्या कापडावर इस्त्री देऊन त्यातली ओल घालवावी, नाव पडदा वर ठेवून मांडावे, त्यावर बटर पेपर घालावा आणि इस्त्री एका जागी दहा ते पंधरा सेकंद दाबून धरावी. फिरवू नये. उचलावी, पुढच्या जागी ठेवावी, पुन्हा दाबावी. पडदा गरम असताना काढायचा की गार झाल्यावर, हे व्हिनाइलच्या प्रकारावर ठरते आणि ते विकत घेतानाच विचारून ठेवावे. माझे गार झाल्यावर काढायचे होते. पडदा निघाल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा पाच सेकंद दाब दिला आणि त्यानंतर एक दिवस जर्सीला पाणी लावले नाही.

एवढे सगळे करूनही दुसऱ्या सामन्यानंतर नावाला तडा गेला, आणि तो अक्षरांत गेला नाही, नेमका शिरोरेषेत ‘की’ आणि ‘र्ती’ यांच्यामध्ये गेला. कबड्डीत बचाव करणाऱ्या मुली चढाई करणारीची जी मिळेल ती गोष्ट पकडतात, आणि नाही पकडले तरी हात पुढे फेकताना खांद्यांमधले कापड आडवे ताणले जातेच. सुट्या इंग्रजी अक्षरांमधले मोकळे कापड तो ताण आपल्यावर घेते. शिरोरेषा ही मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी अखंड पट्टी असते, तिला कुठे सैल पडायला जागाच नसते. ज्या रेघेने कापताना नाव एकत्र धरले, तिनेच खेळताना दगा दिला.

ताणणारे व्हिनाइल वापरणे हा एक उपाय आहे आणि नवे नाव करायचे असेल तर तेच आणावे. पण चिकटलेल्या नावाचे काय करायचे, याचे उत्तर सासऱ्यांनी दिले. जुनी छापील पुस्तके त्यांनी माझ्यापुढे उघडून ठेवली. बारकाईने पाहिले तर प्रत्येक शब्दाच्या शिरोरेषेत, दोन खिळ्यांच्या सांध्यावर, केसाएवढी फट दिसते. आपण ती फट न पाहता वाचत आलो. त्यांनी पट्टी लावून ‘की’ आणि ‘र्ती’ यांच्यामधून, जिथे तडा गेला होता तिथेच, व्हिनाइलची जेमतेम एक मिलिमीटरची पट्टी कापडाला न दुखावता कापून काढली, आणि मी तिथे बटर पेपर ठेवून पुन्हा इस्त्री दाबली. त्या फटीने ताण घेतला. त्यानंतर करायला आलेल्या प्रत्येक नावात आम्ही ही फट आधीच ठेवतो, मात्र पडद्यावर अक्षरे जागच्या जागी राहतील याची काळजी घेऊन.

धुण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जर्सी उलटी करून गार पाण्यात हाताने धुवावी, नावावर ब्रश आणि धोपाटणे चालवू नये, सावलीत वाळवावी आणि नंतर इस्त्री करायचीच झाली तर आतून करावी. मैदानाची माती आधी वाळू देऊन झटकली तर निम्मे काम होते. नाव लावण्याआधी स्पर्धेच्या आयोजकांना विचारून घ्यावे, हेही सांगायला हवे. पंच खेळाडूला आकड्यावरून ओळखतात, तेव्हा नावाने आकडा झाकता कामा नये किंवा त्याला खेटूनही बसता कामा नये.

कीर्तीचे पाहून आतापर्यंत संघातल्या पाचजणी जर्सी घेऊन आमच्याकडे आल्या. चार झाल्या आहेत. पाचवी श्रद्धाची आहे आणि ती गेले दहा दिवस कपाटात पडून आहे, कारण ‘द्ध’मध्ये खाली लोंबणाऱ्या ‘ध’ची पोकळी इतकी लहान येते की कटरचे पाते तिथे वळतच नाही. ‘द’चा पाय मोडून पुढे सुटा ‘ध’ लिहावा, असे सासऱ्यांचे मत आहे. श्रद्धाला ते पाठ्यपुस्तकातल्यासारखे दिसते म्हणून नको आहे, आणि तिला हवे तसे करायचे तर नाव तीन इंच उंच करावे लागेल, मग आकड्याला जागा उरणार नाही. रविवारी ती पुन्हा येणार आहे, तेव्हा दोन्ही नमुने कागदावर कापून तिच्या पाठीवर टाचणीने लावून पाहायचे ठरले आहे.